भावाच्या पलटणीचं नाव दक्षिण सुदानसाठी आलंय. आपले जवान तिथं नेमकं करतात काय?

तुम्ही विचारलंय की भावाच्या पलटणीला दक्षिण सुदानला जायचा हुकूम आलाय, संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना तिथं २०११ पासून आहे, तरी भांडण मिटलेलं नाही. मग आपल्या पोरांनी तिथं जाऊन उपयोग काय, आणि ती दिवसभर करतात तरी काय?

मी २०१७-१८ मध्ये वर्षभर तिथं मलाकाल शहरात होतो. सैन्याच्या पशुवैद्यकीय दलात ड्रेसर होतो. डॉक्टरसाहेबांच्या हाताखाली जनावर धरायचं, जखम धुवायची, लस टोचायची. गाव माझं उदगीर भागातलं, घरी पिढ्यान्‌पिढ्या देवणी जातीची जनावरं. त्यामुळं तिथलं युद्ध मला गुरांच्या बाजूनं समजलं, आणि तिथूनच सांगतो.

पण आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. भांडण मिटवणं हे शांतिसेनेच्या हातात नसतं. ते भांडणाऱ्यांच्याच हातात असतं. दक्षिण सुदान ९ जुलै २०११ ला स्वतंत्र झाला, त्याआधी उत्तरेशी, म्हणजे सुदानशी, १९८३ पासून २००५ पर्यंत चाललेल्या युद्धात सुमारे वीस लाख माणसं गेली होती. स्वतंत्र होऊन अडीच वर्षं होतात न होतात तोच, डिसेंबर २०१३ मध्ये, राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांनी पदावरून काढलेले उपराष्ट्राध्यक्ष रिएक माचार यांच्यात फाटलं. कीर डिंका जमातीचे, माचार नुएर जमातीचे. बघता बघता भांडण नेत्यांचं न राहता जमातींचं झालं. २०१५ ला करार झाला, जुलै २०१६ ला राजधानी जुबातच मोडला. २०१८ ला पुन्हा करार, २०२० ला एकत्र सरकार, आणि मार्च २०२५ मध्ये माचार नजरकैदेत. निवडणूक पुढं ढकलत ढकलत डिसेंबर २०२६ वर आणून ठेवलीय. यातलं काहीही निळ्या टोपीवाल्या शिपायाला अडवता आलं नसतं.

मग तो करतो काय? डिसेंबर २०१३ मध्ये जुबा, बोर, मलाकाल, बेंतिऊ या ठिकाणी जीव वाचवायला पळालेले लोक संयुक्त राष्ट्रांच्या तळांच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. तळ कार्यालयासाठी, गाड्यांसाठी, गोदामांसाठी बांधलेले होते, वस्तीसाठी नव्हे. तरी फाटकं उघडली. पुढं या छावण्यांतली वस्ती दोन लाखांच्या वर गेली. या साऱ्या मोहिमेत त्या फाटकं उघडण्याइतकं मोठं काम दुसरं झालं नाही असं मला मनापासून वाटतं. मे २०१४ मध्ये सुरक्षा परिषदेनं मोहिमेचं कामच बदललं. आधी नवं राज्य उभं करायला मदत करणं हे मुख्य होतं, ते मागं पडून नागरिकांना वाचवणं पहिलं आलं. म्हणजे तुमच्या भावाचं मुख्य काम पहारा आणि गस्त. बेंतिऊकडं तर बायका सरपणाला बाहेर पडायच्या आणि वाटेत त्यांच्यावर अत्याचार व्हायचे, म्हणून त्यांच्या सोबतीला गस्त जायची. ऐकायला किरकोळ वाटतं. ज्या बाईला त्या वाटेनं जायचंय तिला विचारा.

आता गुरांचं. तिथं एक कोटीहून जास्त गुरं आहेत, साधारण माणसागणिक एक. बँक तीच, हुंडा तोच. फक्त तिथं मुलाकडचे मुलीच्या बापाला गुरं देतात, आणि तीही डझनांनी. ज्याच्याकडं गुरं नाहीत त्याचं लग्न नाही. त्यामुळं शेजारच्या जमातीची गुरं पळवून आणणं जुनंच. पूर्वी ते भाल्यांनी व्हायचं. वीस-पंचवीस वर्षांच्या युद्धानं प्रत्येक गोठ्यात कलाश्निकोव्ह पोचवली आणि एका धाडीत शंभर-शंभर माणसं मरायला लागली. मग त्याचा सूड, आणि त्या सुडाचा सूड. नेत्यांना आपल्या लढाईसाठी पोरं हवी असली की ती इथंच तयार मिळतात.

आम्ही मलाकालच्या आसपास जनावरांची शिबिरं घ्यायचो. सकाळीच औषधांच्या पेट्या, लशींचा बर्फाचा डबा आणि जनावर अडकवायला लाकडी खोडा घेऊन निघायचं. पाणी ओढणाऱ्या गाढवांच्या पाठीवरच्या जखमा, शेळ्यांचा पीपीआर हा साथीचा रोग, गुरांचा घटसर्प, गोचीड, जंत. आपल्याकडचीच दुखणी, तीच औषधं. लांब शिंगांची पांढरी-करडी गुरं, अंगाला शेणाची राख फासलेली पोरं. राखेनं डास चावत नाहीत.

एक डिंका पोरगा काळ्या-पांढऱ्या बैलाला घेऊन आला. खुरात किडे पडले होते. बैल कुणाला हात लावू देईना, तेव्हा पोरगा त्याच्या कानाशी गाऊ लागला आणि बैल शांत झाला. खूर साफ करून झाल्यावर मी मोबाइलवर त्याला आमच्या गोठ्यातला शेवरा दाखवला. शेवरा म्हणजे देवणीतला काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा. तो एकदम म्हणाला, "माजोक!" दुभाष्यानं सांगितलं, त्यांच्यात गुरांच्या प्रत्येक रंगाला नाव असतं आणि तीच नावं माणसांनाही ठेवतात: पांढरा तो माबिओर, तांबडा तो मालुआल. मी त्याला आमचे शेवरा, वानेरा, बालंक्या सांगितले. त्याला वानेरा पाठ करायचा होता. अर्धा तास आम्ही दोघं फक्त रंगांवर बोललो. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात माझे आजोबा असेच बोलत बसायचे.

यात शांतिसेनेचं काम कुठं आलं, असं तुम्ही म्हणाल. इथं आलं: लशीसाठी दोन्ही बाजूंचे लोक एकाच खोड्यापाशी यायचे. रोग काही जमात बघून येत नाही. रांगेत उभं राहून माणसं बोलतात. कुणाची गुरं कुठल्या पाणवठ्याकडं निघालीत, कुणाच्या धाकट्या भावाला मारलंय, कुणाची पोरं रात्री गोळा होतायत. ते ऐकलेलं आम्ही वर सांगायचो. मग त्या दोन वस्त्यांच्या मधल्या वाटेवर गस्त जायची, किंवा मोहिमेचे नागरी अधिकारी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना एका झाडाखाली बसवायचे. असाच एक करार देशाच्या दुसऱ्या टोकाला, वाऊ-तोंज भागात २०१६ ला मारिअल बाई इथं झाला. उन्हाळ्यात गुरं घेऊन येणाऱ्यांनी आधी विचारायचं, बंदुका आणायच्या नाहीत, पीक खाल्लं तर भरपाई द्यायची. दिवाळीनंतर धनगरांची मेंढरं आपल्या शिवारात बसतात आणि उभ्या ज्वारीत शिरली तर चार माणसं बसून मिटवतात, तसंच. फरक एवढाच की आपल्याकडं चार माणसांनी सांगितलेलं ऐकलं नाही तर पोलीस ठाणं आहे. तिथं ते नाही, आणि ती पोकळी भरायला शांतिसेना आहे.

आता कडू भागही सांगायला हवा, कारण भाऊ तुमचा आहे. १७-१८ फेब्रुवारी २०१६ ला मलाकालच्या छावणीत, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या कुंपणाच्या आत, हल्ला झाला. तेव्हा आत ४७ हजारांच्या आसपास लोक होते. तीस माणसं मेली, शंभराहून जास्त जखमी झाली, झोपड्यांचा मोठा भाग जळला. चौकशीत निघालं की शांतिसैनिकांनी उशीर केला, गोळी चालवायची की नाही यावर गोंधळ होता, काहींनी तर लेखी हुकूम मागितला. मी तेव्हा तिथं नव्हतो. पण नंतर गेलो तेव्हा लोकांच्या मनात ते ताजं होतं, आणि शेळी घेऊन आलेल्या एका म्हातारीनं मला सरळ विचारलं, पुन्हा तसं झालं तर तू काय करशील? मी तिला उत्तर दिलं नाही. औषध पाजत राहिलो. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते. नागरिकांवर हल्ला झाला तर शस्त्र वापरायची परवानगी मोहिमेच्या हुकमातच आहे. लेखी कागदाची वाट बघायचं काही कारण नव्हतं. भावाला हे जाण्याआधी समजलेलं असू द्या. दिल्लीत २००० सालापासून शांतिसेनेचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथल्या धड्यात हेच नीट ऐकून घ्यावं.

आणि आपले जवान हटले नाहीत असेही दिवस आहेत. ९ एप्रिल २०१३ ला जोंगलेई प्रांतात गुमुरुकजवळ ताफ्यावर दबा धरून हल्ला झाला, त्यात आपले पाच सैनिक गेले. १९ डिसेंबर २०१३ ला अकोबोच्या छोट्या तळावर आश्रयाला आलेल्या डिंका लोकांना मारायला सुमारे दोन हजारांचा सशस्त्र जमाव चालून आला. आत आपले मूठभर जवान होते. दोघं तिथंच शहीद झाले. 'उपयोग काय' हा प्रश्न मी त्या दोघांच्या घरी जाऊन विचारू शकणार नाही, पण त्याचं उत्तर माझ्याजवळ आहे. छावण्यांतून जगून निघालेली हजारो पोरं आज मोठी झालीत. युद्ध थांबलं नसेल, ती पोरं आहेत.

भावाला एवढं सांगा. माती आपल्यासारखीच काळी आहे; एप्रिल-मेपासून पाऊस लागला की गाडी रुतते ती रुततेच, म्हणून गस्तीला निघताना दोन दिवसांचं पाणी जास्त ठेवावं. मलेरियाची गोळी एक दिवसही चुकवू नये, आणि घरी आल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यावी. नुएर माणूस भेटला तर 'माले' म्हणावं. तो त्यांचा रामराम, आणि त्या शब्दाचा अर्थ शांती. कुणाच्या बैलाला न विचारता हात लावू नये. पावसाळ्यात आठ-आठ दिवस फोन लागत नाही, तेव्हा आईला आधीच सांगून ठेवा. भाऊ उदगीर, देवणी, अहमदपूरकडचा असेल तर मला इथंच कळवा. मलाकालच्या तळावर दुभाष्याशी कसं जमवून घ्यायचं आणि कुठली औषधं इथूनच न्यावीत, ते निवांत सांगेन.