'काही लागलं तर सांग' म्हणणाऱ्यांना नेमकं काय सांगायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुढच्या महिन्यात केमो सुरू होणार, राहता गुहागरजवळ, नवरा मुंबईला नोकरीला, घरात सासूबाई आणि शाळेत जाणारी दोन मुलं. भेटेल तो 'काही लागलं तर सांग हं' म्हणतो, पण प्रत्यक्षात सांगायला तुमची जीभ रेटत नाही. मी माणसांची मदत कशी घेतली, असं तुम्ही विचारलंय.

मी देवगड तालुक्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. २०२३ च्या मे महिन्यात परळला टाटा रुग्णालयात स्तनाची शस्त्रक्रिया झाली. तेव्हा लालबागला दिरांच्या खोलीत राहिलो. केमो मात्र जवळ पडावी म्हणून कोल्हापुरात घेतली. आधी दर एकवीस दिवसांनी एक असे चार डोस, मग दर आठवड्याला एक असे बारा. पहिला ५ जुलैला, शेवटचा २० डिसेंबरला. म्हणजे ऐन पावसात फोंडा घाट सुरू झाला तो थंडी पडेपर्यंत.

सुरुवातीला मीही तुमच्यासारखीच. कोणी विचारलं की 'नाही हो, सगळं ठीक आहे'. पहिल्या डोसनंतर त्याच संध्याकाळी परत निघालो आणि घाटातल्या वळणांवर माझं जे झालं ते लिहीत नाही. घरी पोचलो तेव्हा नवराच माझ्यापेक्षा आजारी दिसत होता. दुसऱ्या दिवशी वाडीतला एक मुलगा खळ्यात येऊन उभा राहिला. म्हणाला, "वैनी, बाकीचा माका काय कळना नाय. माका गाडी चलवूक येता, तेवढा सांगा." सांत्वन नाही, सल्ला नाही. स्वतःला काय येतं ते त्याने सांगितलं. त्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला, की 'काही लागलं तर' मधलं 'काही' आपणच ठरवायचं असतं. ज्याला जे येतं आणि ज्याच्याकडे जे आहे, तेवढंच त्याच्याकडे मागायचं, तेही तारीख-वार सांगून.

मग मी मास्तरीण कामाला लागले. उदाहरण देते. केमोनंतर पांढऱ्या पेशी घसरतात, त्या वाढवायला मला इंजेक्शनं होती. ती फ्रिजमध्ये ठेवायची, पण गोठूही द्यायची नाहीत. आमच्याकडे जुलैत वीज गेली की कधी येईल ते महावितरणलाच ठाऊक. नाक्यावरच्या दुकानदाराचा थंड पेयांचा फ्रिज इन्व्हर्टरवर चालतो. त्याला विचारलं. माझी इंजेक्शनं दोन महिने तिथे लिंबू सोड्याच्या बाटल्यांमागे डब्यात होती आणि त्या कप्प्याला तो पोरांना हात लावू देत नव्हता. टोचायला गावातली आरोग्यसेविका घरी यायची. या दुकानदाराशी आमचं तोवर उधारीवरून फारसं पटत नव्हतं, हेही सांगून टाकते.

दर आठवड्याचे बारा डोस सुरू होणार तेव्हा प्रश्न आला सोबतीचा. नवऱ्याने प्रत्येक बुधवारी बाग सोडून यायचं तर कलमांची फवारणी कोण करणार? माझ्या शाळेतल्या मैत्रिणीने भिंतीवरचं कालनिर्णय काढलं आणि बुधवारच्या चौकटीत नावं लिहायला घेतली. पूर्वी गरीब मुलं वार लावून जेवायची ना, तसे माझे बुधवार लागले. एक बुधवार नणंदेचा, एक माझ्या भावाचा, एक शाळेतल्या सहकाऱ्याचा, दोन त्या मैत्रिणीचे. वर कोल्हापूरच्या मावसबहिणीकडे त्या रात्रीचा मुक्काम ठरलेला. डोसच्या दिवशी घाट उतरायचा नाही, हा पहिल्याच वेळचा धडा होता. गंमत म्हणजे चौकटी भरल्यावर दोघीजणी रुसल्या, आमचं नाव का नाही म्हणून.

सोबत येणाऱ्याला मी एवढंच सांगायचे की फाईल सांभाळ, डॉक्टर काय म्हणतात ते वहीत लिही आणि माझ्याशी बोलायलाच हवं असं नाही. भाऊ पाच तास शेजारी बसून मोबाईलवर क्रिकेट बघत होता. मला तोच सगळ्यात आवडला.

आता जी गोष्ट मला आधी कोणी सांगितली नव्हती ती. प्रेमाने येणारी माणसं अंगावर येतात. पहिल्या आठवड्यात आमच्या ओटीवर रोज पाच-सात जण. प्रत्येकाची कोणीतरी मावशी कॅन्सरने गेलेली आणि ती कशी गेली ते मला ऐकायचं. कोणी गोमूत्र आणलं, कोणी कुठल्याशा बाबाचा अंगारा, कोणी 'केमो नको, पाला घे'. शेवटी थोरल्या जाऊबाईंनी पायरीवर बैठक मारली. भांडायची सवय त्यांना आहेच, तिचा इतका चांगला उपयोग आयुष्यात पहिल्यांदा झाला असेल. "झोपली हा ती. काय ता माझ्याकडे देवा," असं म्हणून डबा घ्यायच्या आणि माणूस परत. तुमच्या घरात असं तोंडाने खमकं कोण आहे ते आधी शोधा. हे काम आजारी माणसाने स्वतः करायचं नसतं.

हे नुसतं मनःशांतीसाठी नव्हे. डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पेशी सगळ्यात खाली असतात. त्या दिवसांत कोणाचा साधा खोकलाही महागात पडतो. माझा चौथा डोस १३ सप्टेंबरला आणि चतुर्थी १९ ला. कोकणात गणपतीला घर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. चाकरमानी येणार, एका घरात वीस-बावीस माणसं. यंदा गणपती दीड दिवसाचा करावा का इथपर्यंत चर्चा गेली. मीच नको म्हटलं. मग दिरांनी मुंबईहूनच सगळ्यांना सांगितलं की ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने शेजारच्या वाडीतल्या चुलत घरी उतरायचं. मी मागच्या खोलीत, मास्क लावून. आरती खिडकीतून ऐकली. धाकट्या पुतण्याने खिडकीच्या गजांतून मोदक दिला, आणि जाऊबाईंनी 'हात धुतलंस काय' म्हणून तो परत घेतला.

तापाचं मात्र नीट वाचा. दुसऱ्या डोसनंतर अकराव्या दिवशी, ५ ऑगस्टच्या रात्री, मला १०१ ताप आला. पाऊस कोसळत होता. घरातलं एक वडीलधारं माणूस म्हणालं, तापाची गोळी घे, काढा करते, सकाळी बघू. साध्या दिवसांत मीही तेच म्हटलं असतं. पण डॉक्टरांनी वहीत लिहून दिलं होतं की १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर वाट बघायची नाही, मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठायचं. मैत्रिणीने ते पान फाडून देवघराशेजारी चिकटवलं होतं. नवऱ्याने काढा करणाऱ्याला उत्तर न देता फक्त त्या पानाकडे बोट दाखवलं आणि गाडीवाल्या मुलाला हाक मारली. कणकवलीला पोचून शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. पाच दिवस राहिले. त्यापायी तिसरा डोस १६ वरून २३ ऑगस्टवर गेला. तेव्हा थर्मामीटर आजच घ्या, एक नाही, दोन. आणि रात्री-अपरात्री गाडी काढणारा माणूस पहिल्या डोसच्या आधी ठरवून, त्याला तसं स्पष्ट सांगून ठेवा. बाकी सगळी मदत एकीकडे आणि ही एकीकडे.

केसांचं लिहू का नको असा विचार करत होते. सोळाव्या दिवशी वेणी घालताना हातात पुंजकेच आले. दोन दिवस उशीवर, न्हाणीत, जेवणाच्या ताटात केस. मग जाऊबाईंना म्हटलं, मशीन फिरवा. त्या मागीलदारी स्टूल टाकून बसल्या आणि सासूबाई ताडकन उठून विहिरीकडे निघून गेल्या. मला राग आला. आजारी मी आणि नखरे यांचे! नंतर कळलं, की त्यांच्या माहेरी एक विधवा आत्या होती, लाल आलवणातली, केस काढलेली. लहानपणी त्यांनी ते बघितलं होतं. मुलगा धडधाकट असताना सुनेचं डोकं तसं बघणं त्यांना सोसत नव्हतं. अर्ध्या तासाने त्या परत आल्या, हातात कुंकवाचा करंडा. एक शब्द न बोलता माझ्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू रेखलं. मग स्वतःचं जुनं, धुऊन मऊ पडलेलं सुती लुगडं फाडून त्याचे चार रुमाल केले. विकतचा टोप ड्रॉवरमध्येच राहिला. उकाड्यात तो डोक्यावर ठेवणं म्हणजे शिक्षाच.

सासूबाईंना आधी सांगून ठेवायची आणखी एक गोष्ट. पहिल्या चार डोसांतलं एक औषध लाल असतं. तिथल्या बायका त्याला लालपरी म्हणायच्या, आपल्या एसटीसारखी. त्यानंतर एक-दोन दिवस लघवीला लाल होतं. ते रक्त नव्हे. मी घरात सांगायला विसरले होते आणि नणंद न्हाणीतून किंचाळत बाहेर आली.

खाण्याचं म्हणाल तर मला उकड्या तांदळाच्या पेजेनं तारलं, मीठ आणि चमचाभर तूप घालून. तोंड आलं की कोकमाचं सार, सोलकढी, लोणचं सगळं झोंबतं, तेव्हा कोमट पेज आणि केळं. कच्ची कोशिंबीर बंद. शेवटच्या बारा डोसांत बोटांना मुंग्या यायच्या, ब्लाऊजचे हुक लागायचे नाहीत, खडू हातातून निसटायचा. डॉक्टरांना हे लगेच सांगायचं असतं, चालायचंच म्हणून गप्प बसायचं नाही.

पैशांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत केमो बसते, रुग्णालय योजनेत आहे का ते आधी विचारा. उपचारासाठी रेल्वेने जाताना कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट माफ असतं, सोबत्यालाही ७५ टक्के सवलत. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. आणि तुमच्यापासून मुंबई लांब पडते. सावर्ड्याजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात कर्करोगावर उपचार होतात. डोस तिथे घेता येतील का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारून बघा. दाखले काढायचं, रांगेत उभं राहायचं काम नवऱ्याला द्या. मुंबईत बसून काळजी करण्यापेक्षा त्याला तेवढं तरी करता येईल.

एक मैत्रीण, अगदी जिवाभावाची, सहा महिने फिरकली नाही. फोनही नाही. तुमच्याही बाबतीत कोणीतरी असं करेल. तिची आई याच आजाराने गेली होती, हे मला ठाऊक असूनही मी मनात धरलं. अजून पूर्ण सुटलेलं नाही.

आता माशांचं. पहिल्या डोसनंतर शेजारी कोणीतरी सुका बांगडा चुलीत भाजला आणि त्या वासाने मी दिवसभर ओकत होते. सासूबाईंनी घरात मासे बंद केले. सुरुवातीला ते कोणाला जड गेलं नाही, कारण जुलैअखेरपर्यंत मासेमारी बंदच, आणि त्या वर्षी अधिक श्रावण, मग निज श्रावण. सासूबाई दोन्ही पाळतात. पण गणपती गेले, होड्या भरून यायला लागल्या, आणि आमच्या घरात डाळ-भात. सासरे चौऱ्याहत्तर वर्षांचे, सोमवार सोडला तर माशाशिवाय घास उतरत नाही. ते चकार शब्द बोलले नाहीत. फक्त रोज दुपारी साडेबाराला 'जरा फिरून येतो' म्हणून खालच्या वाडीतल्या दोस्ताकडे जायचे आणि आल्यावर विहिरीवर साबणाने हात घासून, चूळ भरून, वर बडीशेप चघळून मगच माझ्या खोलीत डोकवायचे. मला सगळं कळत होतं. बडीशेपेचा वास कुठे लपतो?

फेब्रुवारीत एका सकाळी मला स्वतःहूनच तिखल्याची आठवण झाली. सासूबाईंना म्हटलं, आज बांगडे आणा. त्या दुपारी सासरे घरी जेवले, दुसऱ्या दिवशीही घरीच. तिसऱ्या दिवशी तो दोस्त काठी टेकत आमच्या खळ्यात आला आणि विचारायला लागला, "माझा काय चुकला रे? जेवूक येणा कित्याक नाय?"