पाटीवरचं हरीण आणि खरं हरीण

भाऊ, हरणं बघायला नागपूरहून पेंचच्या जंगलात पहिल्यांदाच निघालात ना? मग सध्या एवढंच.

रस्त्यावरच्या पाट्यांचे फोटो जरूर काढा, पण गाडी बाजूला घेऊन. ‘अति घाई, संकटात नेई’ ही पाटी टिपायला मी एकदा भर रस्त्यात करकचून ब्रेक मारला. मागच्या ट्रकवाल्याने जे ऐकवलं, ते इथे लिहिता येत नाही.

पाटीवरच्या हरणावर विश्वास नको. कितीदा धड चितळाचं असतं आणि डोक्यावर शिंगं बकरीची!

शिंगांचं एकच पक्कं करा. चितळ, सांबर ही सारंग. यांची शिंगं भरीव हाडाची, फाट्यांची, फक्त नराला. ती गळून पडतात, पुन्हा उगवतात. वाढताना वर मखमली कातडी असते, आत रक्त खेळतं. काळवीट, नीलगाय ही कुरंग. यांची शिंगं पोकळ, जन्मभराची.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- फाटे मोजून वय सांगणं. नका सांगू.
- बिनशिंगाचं चितळ म्हणजे मादीच, असं समजणं. शिंगं नुकतीच गळालेला नरही असेल.
- गळालेलं शिंग ‘आठवण’ म्हणून उचलणं. १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. शिवाय ते साळिंदराचं खाणं. कॅल्शियमसाठी कुरतडतं बिचारं. दातांच्या खुणा दिसल्या तर फोटो मात्र सोडू नका.

दुर्बीण, लेन्स वगैरे नंतर बघू.