पाऊण तासाची एसटी

"मावशी, मी तासगाव तालुक्यातली. इंजिनीअरिंगच्या सीईटीला ९८.६ पर्सेंटाइल आहेत, ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचं, प्रमाणपत्र काढलंय. पुण्याच्या सीओईपी इंजिनीअरिंग कॉलेजला कॉम्प्युटर शाखा मिळावी एवढंच स्वप्न आहे. गेल्या तीन वर्षांच्या कटऑफच्या पीडीएफ पाठ झाल्यात. सकाळचे डबे, संध्याकाळच्या भाकरी आवरल्या की रात्री अकराला याद्या घेऊन बसते, दोन वाजले तरी झोप येत नाही. ऑप्शन फॉर्ममध्ये अठरा कॉलेजं टाकलीत, सगळी पुण्या-मुंबईची. सांगलीचं वालचंद टाकलं नाही, ते घरापासून एसटीने पाऊण तासावर आहे. आण्णा खूप चांगले आहेत, कशाला नाही म्हणत नाहीत. आपली दोन एकर द्राक्षं आहेत, धाकटा भाऊ यंदा बारावीला गेलाय. पुढच्या राउंडला कटऑफ खाली येतो म्हणतात. मला सीओईपी मिळेल का? चान्स किती?"

नाही मिळणार. सीओईपीचं कॉम्प्युटर तरी नाही. तीन वर्षांच्या याद्या पाठ आहेत म्हणतेस, म्हणजे हे तुला माझ्याआधी कळलेलं आहे. खुल्या गटात ती शाखा ९९.५च्या वरच बंद होते, ईडब्ल्यूएसलाही फार खाली उतरत नाही. २०२५ साली पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) गटाला चार लाखांवर मुलं बसली होती. तेवढ्या गर्दीत ९८.६ म्हणजे तुझ्या पुढे सहा हजारांच्या आसपास पोरं उभी. राउंड सरकतात तसा कटऑफ हलतो, पण अशा ठिकाणी तो दशांशात हलतो. रात्री दोनपर्यंत पीडीएफ उघडी ठेवल्याने त्यातला आकडा बदलत नाही गं.

आता ते वालचंदचं वाक्य. मी ते चारदा वाचलं. इतकी वर्षं पत्रं वाचतेय, कॉलेज लांब आहे म्हणून यादीत टाकलं नाही असं लिहिणाऱ्या मुली ढीगभर भेटल्या. जवळ आहे म्हणून गाळणारी तू पहिलीच. आणि गाळलंस काय? १९४७ पासून सांगली-मिरज रस्त्यावर, विश्रामबागेत उभं असलेलं अनुदानित, स्वायत्त कॉलेज, ज्याच्यासाठी लातूर-नांदेडची मुलं बॅगा घेऊन येतात. त्याऐवजी यादीत जी नावं आहेत त्यांतल्या निम्म्या कॉलेजांचं गेटही तू पाहिलेलं नसणार. 'हिंजवडीजवळ' एवढ्या भांडवलावर बाराव्या नंबराला चढलेलं एखादं असेलच त्यात.

तू काही मूर्ख नाहीस. ९८.६ मूर्खाला पडत नाहीत. मग हे का केलंस, ते तुझ्याच पत्रात आहे, डबे आणि भाकरी या दोन शब्दांत. कॉलेज पाऊण तासावर असलं की ही मुलगी घरातच राहणार. पहाटे उठून डबे करणार, सहाची एसटी धरणार, संध्याकाळी उतरली की पिशवी टाकून परात ओढणार. ऑक्टोबर छाटणी आली की "दोन दिवस बुडालं तर काय होतंय" म्हणत बागेत जाणार. सीओईपी तुझ्यासाठी कॉलेज कमी आणि किलोमीटर जास्त आहे. पुणं दोनशे किलोमीटरवर असल्यामुळे तिथून भाकरी थापायला कुणी बोलावणार नाही, एवढा साधा हिशेब. तो चुकीचा आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. मला तो फार आवडला. फक्त तो तू प्रवेश देणाऱ्या सीईटी सेलला सांगून बसली आहेस, घरी सांगितलेला नाहीस.

मी स्वतः पदवीची तीन वर्षं अप-डाऊन केलंय. आमची शेवटची गाडी साडेपाचची. चारचं प्रॅक्टिकल सुरू झालं की माझं निम्मं लक्ष भिंतीवरच्या घड्याळात. वर्गातल्या बाकीच्या मुली पाचनंतर कट्ट्यावर बसायच्या, गॅदरिंगच्या तालमी करायच्या, सरांना गाठून शंका विचारायच्या; मी स्टँडवर, पासाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटाला दोन बोटांत धरून. तीन वर्षांत त्या लायब्ररीचा संध्याकाळचा दिवा मी एकदाच पाहिला, तोही एसटीचा संप होता म्हणून. गुण चांगले पडले मला. कॉलेज मात्र झालंच नाही माझं. घरचे सगळ्यांना सांगायचे, "पोरगी घर सांभाळून शिकली." त्या वाक्याचा मला अजून राग येतो.

म्हणून आण्णा चांगले आहेत यावर मी काही लिहिणार नाही. असतील चांगले. त्यांनी कशाला नाही म्हटलं नाही, कारण तू काही मागितलंच नाहीस. सीईटीच्या वर्षात दोन्ही वेळचा स्वयंपाक तुझ्याकडे होता, हे त्या चांगल्या माणसाच्या डोळ्यांसमोरच चाललं होतं ना? आणि चिरंजीव बारावीला गेलेत म्हणून यंदा त्यांच्या हातात ताट कोण देतं, तेही मी विचारत नाही.

तू एकच गोष्ट करायची. आज रात्री, पीडीएफ उघडायच्या आधी, आण्णा जेवून उठले की त्यांच्यासमोर बस आणि म्हण: "मला प्रवेश कुठंही मिळो, सांगलीत मिळाला तरी, मी होस्टेलवर राहणार. अप-डाऊन करणार नाही." एवढंच. 'बघू', 'जमलं तर', 'तुम्ही म्हणाल तसं' यांतलं काहीही पुढे जोडायचं नाही. ते म्हणतील, पाऊण तासासाठी होस्टेल? लोक हसतील. हसू देत. आई म्हणेल, मग घरचं कोण बघणार? त्या प्रश्नाचं उत्तर द्यायची जबाबदारी तुझी नाही. गप्प बसायचं, उठून मात्र जायचं नाही.

पैशाचं काढतील, तेव्हा कागद पुढे कर. ईडब्ल्यूएसच्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून राज्य सरकार भरतं. त्यासाठी प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतूनच, लागतो. शिवाय दोन एकर म्हणजे तुम्ही अल्पभूधारक. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना अशाच घरांतल्या मुलांसाठी आहे, आणि गंमत बघ, ती घरून ये-जा करणाऱ्याला मिळत नाही. अल्पभूधारक असल्याचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव. कॉलेजच्या होस्टेलला नंबर लागला नाही तर विश्रामबागेत कॉट बेसिसवर मुली राहतात, तिथं बघ.

हे बोलून झालं की फॉर्म उघड आणि वालचंद टाक. कितव्या नंबरावर, ते तू ठरव. ते खाली लिहिलं म्हणून वरच्या कॉलेजाचा चान्स कमी होतो असला समज असेल तर काढून टाक. यंत्र वरून खाली वाचत येतं आणि गुणांत बसणाऱ्या पहिल्या नावावर थांबतं. सीओईपी पहिल्या नंबराला राहू दे हवं तर, एखादी दुसरी शाखाही टाक, त्याला पैसे पडत नाहीत. पण २०२५च्या नियमांत पहिल्या राउंडला पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्याला पहिल्या तिनांतला, तिसऱ्याला पहिल्या सहांतला, की जागा आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की झाली, मग बेटरमेंट, म्हणजे पुढच्या राउंडला वरचा पर्याय, मागता येत नव्हती. यंदाचं माहितीपत्रक वाच आणि वरची सहा नावं अशी लिही की त्यांतलं कुठलंही लागलं तर रडू येणार नाही. 'हिंजवडीजवळ'वाल्याला तिथं जागा नाही.

आण्णा काय म्हणाले ते मला कळव. चिडले तरी कळव, गप्प राहिले तरी. आणि भावाला उद्यापासून परातीजवळ बसव. पहिल्या आठ दिवसांच्या भाकऱ्या आफ्रिकेच्या नकाशासारख्या होतील, खा तशाच. कॉलेज सुरू होईपर्यंत हात बसेल त्याचा.