‘ग्रीक नाव’ हा रकाना आधी काढून टाका

तुम्ही लिहिलंय की दिवाळी अंकासाठी रोमन देवांवर लेख करताय, बारा देवांचा ग्रीक नावांसकट तक्ता तयार आहे, पण जेनस (दारांचा आणि आरंभाचा देव), टर्मिनस, रोबिगस यांना ग्रीक जोडच सापडत नाही, तर त्यांना वगळलं तर चालेल का? वाचून पोटात गोळा आला. अगदी हाच तक्ता माझ्याकडे होता आणि त्याच्यापायी माझं दीड वर्ष गेलं. म्हणून जरा लांबण लागेल, पण शेवटपर्यंत वाचा.

आधीच सांगतो, मी लॅटिनचा प्राध्यापक नाही. नोकरी सांभाळून शिकलो, मूळ मजकूर अजूनही भाषांतर शेजारी ठेवूनच वाचतो. काही चुकलं असेल तर जाणकारांनी जरूर सांगावं. 

एका संस्थेच्या मराठी संदर्भग्रंथासाठी (नाव घेत नाही) रोमन देवतांच्या नोंदी माझ्याकडे आल्या होत्या. सोबत त्यांचा छापील नमुना: नाव, कार्य, चिन्ह, ग्रीक नाव. मी तो रकाना प्रमाण मानला, आणि घोडचूक तिथेच झाली. मार्स या रोमन युद्धदेवापुढे ग्रीकांचा युद्धदेव ‘अ‍ॅरीस’ लिहिलं आणि अ‍ॅरीसच्या साऱ्या कथा मार्सच्या खात्यावर टाकल्या. रक्ताला चटावलेला, बाकीच्या देवांना नकोसा, खुद्द झ्यूसने, ग्रीक देवांच्या राजाने, ‘तू मला सगळ्यांत नावडता’ असं तोंडावर सुनावलेला. चाळीसेक नोंदी याच पद्धतीने लिहून पाठवून दिल्या.

नंतर केव्हातरी केटो या रोमन मुत्सद्द्याचं शेतीवरचं पुस्तक हाती आलं, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातलं. त्यात शेताच्या शुद्धीचा विधी आहे. डुकराचं पिल्लू, कोकरू आणि वासरू, तिन्ही दूधपिती, शेताभोवती फिरवायची आणि मग प्रार्थना म्हणायची. ‘मार्स पिता’ अशी हाक मारून शेतकरी मागतो काय? दिसणारे आणि न दिसणारे रोग दूर ठेव, नापिकी आणि अवकाळी टाळ, धान्य आणि द्राक्षवेली जोमाने वाढू देत, गुराखी आणि गुरं सुखरूप राहू देत, मला, माझ्या घराला, घरच्या माणसांना आरोग्य दे. त्या रात्री मला झोप लागली नाही. हा देव अ‍ॅरीस कसा असेल? हा रोम वसवणाऱ्या रोम्युलसचा बाप आहे, जुनं रोमन वर्ष ज्या महिन्याने सुरू व्हायचं त्याला याचं नाव आहे. मी त्याला खाटीक करून ठेवलं होतं.

सगळ्या नोंदी परत मागवल्या आणि नव्याने लिहायला घेतल्या. तेव्हा कार्यालयाचा खरा अनुभव आला. जेनसची नोंद दोनदा परत आली, शेरा एकच: ‘ग्रीक नाव रिकामे, नोंद अपूर्ण.’ मी पत्र लिहिलं की ओव्हिडने आपल्या पंचांगकाव्यात जेनसलाच उद्देशून म्हटलंय, तुझ्या तोडीचा देव ग्रीसकडे नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन कवी सांगतोय, आणखी कसला पुरावा हवा? उत्तरादाखल तोच शेरा पुन्हा. फोन केला तर पलीकडून, ‘काहीतरी लिहून टाका ना, रकाना भरला की फाईल पुढे जाते.’ ज्या देवाचं नाव प्रार्थनेत सर्वांत आधी घ्यायचं, ज्याच्या देवळाची दारं युद्ध असेपर्यंत उघडी राहायची आणि आपल्या काळात ती तीनदा मिटली हे पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याने अभिमानाने कोरून ठेवलं, त्याच्यापुढे ‘काहीतरी’ लिहायचं? मी नाही लिहिलं. नोंद पडून राहिली आणि शेवटी मी कामच सोडलं. हे लिहितानाही राग येतोय, त्याबद्दल माफ करा.

आता तुमचं बोलू. तक्ता साफ खोटा आहे असं मी म्हणत नाही. रोमनांनी स्वतःच या जोड्या लावल्या होत्या. ख्रिस्तपूर्व 217 मध्ये इटलीतल्या ट्रासिमेन तळ्याकाठी कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने त्यांचं सैन्य कापून काढलं, तेव्हा घाबरलेल्या रोमने बारा देवांना जोडीजोडीने सहा आसनांवर बसवून मेजवानी दिली. तुमच्या यादीतले बारा बहुधा तेच. अपोलो तर नावासकट ग्रीसमधून आलेला. पण हा एक थर झाला. त्याखाली शेत, उंबरा, चूल आणि बांध यांचा धर्म आहे, आणि माझ्या मते खरा रोम तिथे आहे.

म्हणून सुरुवात कथांपासून करू नका, पंचांगापासून करा. रोमला टर्मिनी स्टेशनजवळ पलाझ्झो मास्सिमो संग्रहालय आहे, तिथे ज्युलियस सीझरने कालगणना सुधारली त्याआधीचं एक पंचांग आहे, गिलाव्यावर लाल-काळ्या अक्षरांत रंगवलेलं. 25 एप्रिल, रोबिगालिया. रोबिगस म्हणजे गव्हावरचा तांबेरा. पीक निसवायच्या सुमारास तांबेरा पडू नये म्हणून शहराबाहेर पाचव्या मैलाच्या दगडापाशी कुत्र्याचा बळी द्यायचे. हा देव की देवी, यावर त्यांच्या लेखकांचंही एकमत नव्हतं. त्यांना त्याने अडत नसे. रोममधल्या पॅलाटाइन टेकडीवर सापडलेल्या एका वेदीवर चक्क ‘देव असो वा देवी’ असंच कोरलेलं आहे. तुमच्या तक्त्यात अशा देवतेला कुठला खण देणार?

टर्मिनस वगळलात तर मात्र मला फार वाईट वाटेल. तो म्हणजे बांधाचा दगड. 23 फेब्रुवारीला दोन्ही शेजारी आपापल्या बाजूने येऊन त्याला हार घालायचे. घरातली बाई चुलीतला विस्तव फुटक्या खापरात घालून आणायची, म्हातारा लाकडं रचायचा, मुलगा टोपलीतून धान्याच्या तीन मुठी आगीत टाकायचा, धाकटी मुलगी मधाच्या पोळ्याचे तुकडे पुढे करायची. कॅपिटोल टेकडीवर देवांचा राजा ज्युपिटर याचं देऊळ बांधताना बाकीचे देव जागा सोडून गेले, हा हलला नाही. मग दगड देवळातच ठेवला आणि त्याच्या डोक्यावर छताला भोक ठेवलं, कारण त्याला उघडं आभाळ लागतं. बांधावरून तीन-तीन पिढ्या कोर्टात जातात हे पाहिलेल्या आपल्या वाचकाला हा देव समजावून सांगावा लागणार नाही.

तसंच, ‘सॅटर्न म्हणजे आपला शनी’ असं लिहू नका. वारांची नावं दोन्हीकडे ग्रहांवरूनच आली, तेवढं नातं खरं. पण रोममधला सॅटर्न पेरणीचा देव, साडेसातीचा नव्हे. त्याच्या सणाला, 17 डिसेंबरपासून, गुलामांना मोकळीक असे, जुगाराला परवानगी असे. ज्युपिटर आणि ऋग्वेदातला द्यौष्पिता यांचं मूळ एक, हेही खरं, पण त्यापुढे ताणू नका. नाव एक असलं म्हणून पूजा एक होत नाही.

चित्र हवं असेल तर ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरातल्या व्हेट्टी बंधूंच्या घरातलं देवघर घ्या, 2023 पासून ते घर पुन्हा बघायला खुलं आहे. मधे टोगाचा (रोमन अंगवस्त्राचा) पदर डोक्यावरून घेतलेला यजमानाचा जीनियस, म्हणजे त्याचा रक्षक आत्मा, दोन्ही अंगांना शिंगातून मद्य ओतणारे लार, म्हणजे घराचे रक्षक देव, खाली नैवेद्याकडे सरपटत निघालेला मोठा साप. झ्यूसच्या पुतळ्यापेक्षा हे पानभर लावा. आणि जूनो, व्हेस्टा या देवींची नावं इंग्रजी उच्चाराने लिहायची की लॅटिन, ते आधीच ठरवा. मी अर्ध्यात बदललं आणि सगळ्या नोंदी पुन्हा तपासत बसलो.

संपादक रकाना मागतीलच. तेव्हा जेनसपुढे ‘नाही’ लिहा आणि ओव्हिडचं ते वाक्य खाली द्या. तरीही नोंद परत आली तर इथे टाका, मी वाचेन.