मध्यरात्री आघाडी का फिरली? टपाली मतांची मोजणी

मतमोजणीच्या रात्री आघाडी अचानक फिरल्याचा जो आलेख सोशल मीडियावर फिरतो, तो अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचा आहे, नोव्हेंबर २०२० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा. पहाटे डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार जो बायडन यांची रेषा एकदम वर गेली आणि सोशल मीडियावर 'मतं घुसवली' असं पसरलं. खरं कारण कायद्यात आहे. तिथे मतदानाच्या दिवशी सकाळी ७ पर्यंत टपाली मतांची पाकिटं उघडताच येत नाहीत. मिल्वॉकी शहर ही मतं एकाच केंद्रावर मोजतं आणि आकडा एकत्रच जाहीर करतं, म्हणून उडी दिसते. त्या वर्षी डेमोक्रॅटिक मतदारांनी टपाल जास्त वापरलं, म्हणून ती एकाच बाजूला.

काम वेळखाऊ आहे. आधी पाकिटावरची माहिती तपासायची: बऱ्याच राज्यांत सही नोंदणीतल्या सहीशी ताडतात, विस्कॉन्सिनमध्ये साक्षीदाराची सही आणि पत्ताही लागतो. मग पाकीट उघडायचं, घडी सपाट करायची, स्कॅन करायचं. फाटलेली मतपत्रिका मशीन घेत नाही, तेव्हा कर्मचारी तिची हुबेहूब प्रत करतात. या प्रतीचे व्हिडिओ 'बनावट मतं भरताहेत' म्हणून फिरतात, ही फार वाईट गोष्ट आहे.

याउलट फ्लोरिडा राज्यात पाकिटांची छाननी मतदानाच्या कितीतरी दिवस आधी सुरू होते, त्यामुळे निकाल त्याच रात्री बराचसा कळतो.

स्क्रीनशॉट दिसला की आधी त्यावरची वेळ बघा. मग त्या काउंटीच्या (राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) निवडणूक कार्यालयाच्या साइटवर किती टपाली मतं मोजायची उरली आहेत ते शोधा. वाहिन्या रात्री विजेता सांगतात तो अंदाज असतो. अधिकृत निकाल नंतरच्या पडताळणीनंतर प्रमाणित होतो.