साप दिसला की कुत्रा माघारी फिरला पाहिजे

प्रश्न : ताई, आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे, घर मळ्यातच. आमचा राजा दीड वर्षाचा, गावठी आणि अल्सेशियन मिक्स. साप दिसला की मागंच लागतो. गेल्या पावसाळ्यात त्यानं धामण मारली, तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. पण परवा कांद्याच्या चाळीखालून घोणस निघाली आणि हा सरळ तोंड घालायला निघाला, कसाबसा ओढला. एकजण म्हणतो, शॉकचा पट्टा घ्या, सर्पमित्राकडून साप आणून समोर ठेवा, एकदा झटका बसला की जन्मात जवळ जाणार नाही. करावं का? माझं मन होत नाहीये.
– एक द्राक्ष बागायतदार

उत्तर : दादा, मन होत नाहीये ते अगदी बरोबर आहे, अजिबात करू नका. झटका बसला हे कुत्र्याला कळतं, पण कशामुळे बसला हे त्याला कोण सांगणार? त्या क्षणी तो सापाकडे बघत असेल, किंवा चाळीकडे, किंवा तेवढ्यात समोरून पळत आलेल्या तुमच्या पोराकडे, आणि मग पुढे तो चाळीकडे फिरकतच नाही नाहीतर पोरांवर गुरगुरायला लागतो, आणि घरचे म्हणतात कुत्रा बिघडला. वेल्समधे तर असे पट्टे वापरायला २०१० पासून बंदी आहे. आणि सापाचं काय? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, साप पकडून असा खेळासाठी वापरणं गुन्हा आहे, सर्पमित्राचं काम साप सुरक्षित पकडून सोडायचं, तुमच्या अंगणात आणून ठेवायचं नाही.

आधी एक गोष्ट आजपासून बंद करा, धामण मारल्याचं कौतुक. धामण उंदीर खाते, बागेला तिचा फायदाच आहे, पण मुख्य म्हणजे राजाला धामण आणि नाग यातला फरक कळत नाही, त्याला एवढंच कळलंय की सरपटणारं काहीतरी धरलं की घरचे खूश होतात. ही शाबासकी तुम्हीच दिलीय, तर आता दुसऱ्या गोष्टीसाठी द्या.

ती दुसरी गोष्ट म्हणजे साप दिसला की वळून तुमच्याकडे पळत येणं. यासाठी नवा शब्द घ्या, जो घरात कुणी त्याला कधी वापरत नाही, मी ‘माघारी’ सांगते. ‘ये ये’ चालणार नाही, कारण बांधायचं असलं की आपण ‘ये ये’ म्हणतो आणि कुत्रा ते पक्कं ओळखून असतो. ‘माघारी’ म्हटलं की उकडलेलं अंडं नाहीतर चिकनचा तुकडा, दरवेळी, आणि या शब्दानं बोलावून कधीही बांधायचं नाही, रागवायचं नाही. आधी घरात, मग अंगणात, मग बागेत तीसेक फुटाची दोरी लावून. घाई करू नका, बागेत समोरून खार पळाली तरी तो वळतो असं दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग जत्रेत मिळतो तसा रबरी साप घ्या आणि राजाला न दाखवता लांब ठेवा. त्याची नजर पडली, कान टवकारले, की लगेच शब्द, दोरी ताणायच्या आधी, आणि तुम्ही स्वतः उलटं मागे पळा म्हणजे तो तुमच्यामागे येईल, आला की खाऊ. रबरी साप त्याच्या तोंडात एकदाही जाऊ देऊ नका, गेला की ते खेळणं झालं, मग सगळी मेहनत पाण्यात. तुमच्या बागेत अजून एक अडचण आहे, ठिबकच्या काळ्या नळ्या तो दिवसभर बघतो, त्यामुळे नुसता पडलेला रबरी साप त्याला नळीच वाटेल, म्हणून त्याला बारीक दोरा बांधून कुणालातरी आडोशाहून हळूच ओढायला सांगा, कुत्र्याला खेचते ती हालचाल. जागा बदलत राहा, पंपाजवळ, चाळीपाशी, बांधावर, दिवेलागणीला. एक दिवस असा येतो की तुम्ही बोलायच्या आधीच तो सापाकडे बघतो आणि मान वळवून तुमच्याकडे बघतो. त्या दिवशी अख्खी मूठ रिकामी करा!

घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते, तो आवाज मोबाईलवर बारीक लावूनही हाच सराव घेता येतो. वासासाठी, बागेत कात दिसली तर उचलून आणू नका, आधी आजूबाजूला साप नाही ना ते काठी आपटून नीट बघा आणि मग राजाला दोरीवर त्या बाजूनं न्या, वास घेतला की ‘माघारी’. आणि खरा साप निघाला तर कुत्र्याकडे ओरडत धावू नका, आपण धावलो की त्याला वाटतं आपणही शिकारीला आलो, जागेवर थांबून शब्द द्या.

पण कितीही शिकवलं तरी रात्री एकटा मोकळा सोडलेला कुत्रा कुत्राच असतो. मण्यार रात्रीच फिरते, तेव्हा पावसाळ्यात त्याला घरात नाहीतर ओट्यावर खाटेवर झोपवा. चाळीचा तळ हवेसाठी उघडा असतो, तिथे उंदीर बिळं करतात आणि उंदरामागे साप येतो, म्हणून खालचं गवत काढत राहा, आणि एप्रिलची खरड छाटणी नि ऑक्टोबरची छाटणी झाली की काड्यांचे ढीग घराशेजारी रचू नका. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं.

प्रश्न : गंगापूर रोडला राहतो, कुत्र्याला कॅनॉलच्या बाजूला फिरवतो. साप चावलाच तर हळद-तूप, लिंबाचा पाला देतात म्हणे, खरं का?
– एक वाचक

उत्तर : नाही हो, काहीही देऊ नका. चिरा देऊ नका, दोरीनं आवळू नका, घरातली क्रोसिन, ब्रुफेन तर मुळीच नाही. कुत्र्याला बहुतेक वेळा तोंडावर नाहीतर पुढच्या पायावर चावतो, तोंड आणि मान सुजते, म्हणून गळ्यातला पट्टा लगेच काढा, त्याला चालवू नका, उचलून गाडीत घाला आणि निघा. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर चालणारं माणसांचं अँटीव्हेनमच कुत्र्यांनाही देतात, पण ते प्रत्येक दवाखान्यात नसतं, म्हणून आजच दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारून ठेवा, रात्री कोण उघडं असतं तेही. डोस कुत्र्याच्या वजनावर नाही, किती विष गेलं त्यावर ठरतो, त्यामुळे लहान कुत्र्याला थोडंच पुरेल असं धरून चालू नका. घोणस चावली तर सूज येते, हिरड्यातून किंवा लघवीतून रक्त जातं. मण्यारीचा दंश मात्र फसवा, सूज नाही, कळ नाही, आणि काही तासांनी पापण्या मिटायला लागतात, मागचे पाय लटपटतात, लाळ गळते. कुत्रा बरा दिसतोय म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. साप पकडायच्या नादाला लागू नका, लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर राहू द्या.

प्रश्न : बंगल्याभोवती फिनाईल किंवा कार्बोलिक ऍसिड टाकलं तर साप येत नाही ना?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : येतो. साप त्यावरूनही जातो, उलट कार्बोलिकनं कुत्र्याचे पंजे भाजतात आणि पंजे चाटले तर ते पोटात जातं. त्याऐवजी दाराखालची फट बुजवा, मोरीला जाळी बसवा आणि कुत्र्याचं उरलेलं खाणं रात्री अंगणात ठेवू नका, उंदीर त्यालाच येतात.