फोर बाय फोरचा दिवा लुकलुकतोय, म्हणजे मोटर गेली का?

या वेळी पिकअपवाल्यांची पत्रं जास्त आलीत, पाऊस सुरू झाला की येतातच. त्यातली तीन घेतोय, पहिल्याला जागा जास्त लागली, सांभाळून घ्या.

प्रश्न : दादा, माझी डबल कॅब डिझेल पिकअप आहे, साडेपाच वर्षं झाली. राहतो ऐरोलीला, भातशेती शहापूरकडे. जूनमध्ये खाचराकडे जाताना कच्च्या रस्त्यावर गाडी फसली, नॉब फोर एचवर (चारी चाकांना ताकद) फिरवला तर मीटरमधला दिवा नुसता लुकलुकत राहिला, पुढची चाकं ढिम्म. शेवटी ट्रॅक्टरने ओढून काढली, वर गावातल्या पोरांनी चेष्टा केली ती वेगळीच. इथे गॅरेजवाल्याने गाडीखाली न वाकताच सांगितलं की मोटर गेली, पूर्ण सेट टाकावा लागेल. आकडा ऐकून गाडी परत घेऊन आलो. कधीकधी सकाळी मात्र व्यवस्थित लागतं. काय करू?

उत्तर : "कधीकधी सकाळी लागतं" हे तुम्ही अगदी शेवटी लिहिलंत, पण सगळं उत्तर त्यातच आहे. जळालेली मोटर सकाळी उठून कामाला लागत नाही हो. कधी लागतं कधी नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा कुठेतरी करंट अर्धवट पोचतोय, नाहीतर कुठला तरी सेन्सर खोटं बोलतोय.

आधी आत काय होतं ते बघा. तुम्ही नॉब फिरवता तेव्हा तुम्ही गिअर टाकत नाही, तुम्ही फक्त अर्ज करता. तो अर्ज एका छोट्या कॉम्प्युटरकडे जातो, तो बघतो गाडीचा स्पीड किती, बॅटरीचा व्होल्टेज ठीक आहे का, फोर एल (चारी चाकं, कमी वेग, जास्त ताकद) मागितलं असेल तर गाडी थांबलीय का आणि गिअर न्यूट्रलला आहे का. सगळं पटलं तर तो ट्रान्सफर केसवरच्या (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) मोटरला करंट देतो, मोटर आतला फोर्क (गिअर सरकवणारा काटा) सरकवते, मग पुढच्या अॅक्सलवरचा अॅक्च्युएटर (जोडणी हलवणारं छोटं यंत्र) तिकडची जोडणी लावतो, आणि दोन्हीकडचे सेन्सर "झालं" म्हणाले की दिवा स्थिर होतो. लुकलुकणारा दिवा म्हणजे काम सुरू झालं पण पूर्ण झाल्याची पावती आली नाही, एवढंच. पावती कुठे अडकली ते शोधायचं.

पहिलं साधन तुमचे कान. सपाट जागेवर गाडी लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, इंजिन बंद आणि फक्त इग्निशन ऑन. एक जण नॉब फिरवेल, तुम्ही ट्रान्सफर केसपाशी कान द्या. एक-दोन सेकंद 'व्हींऽऽ' असा आवाज आला तर मोटर जिवंत आहे, दोष पुढे आहे. नुसतं 'टिक' झालं तर रिले (करंट सोडणारा स्विच) काम करतोय पण मोटरपर्यंत दम पोचत नाही. काहीच नाही आलं तर फ्यूज, नॉबचा स्विच, नाहीतर कॉम्प्युटरने अर्जच फेटाळलाय. काही गाड्यांत इंजिन चालू असल्याशिवाय हे होत नाही, पुस्तकात बघून घ्या. आणि इंजिन चालू ठेवायची वेळ आली तर खाली शिरायचं नाही, बाजूला उभं राहून ऐकायचं. जॅकवर चढवून, इंजिन चालू करून फोर एच टाकून बघायचा शहाणपणा तर अजिबात नको. एक चाक जमिनीला टेकलेलं असलं तरी गाडी जॅकवरून उडी मारते.

आता तुमच्या केसमध्ये माझा पहिला संशय कपलरवर, म्हणजे वायरींच्या जोडावर आहे. मोटरचा कपलर गाडीच्या पोटाखाली, बरोबर चिखल उडतो तिथे असतो. बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि तो कपलर उघडा. ताक पितळेच्या भांड्यात राहिलं की कसं हिरवं होऊन कळकतं, तसा थर पिनांवर दिसला तर दुखणं सापडलं. माझ्याकडे मागच्या पावसाळ्यात तुर्भ्याच्या एका भाजीवाल्याची गाडी अशीच आली होती, आठ पिनांपैकी एकच पिन हिरवी, बाकी सगळ्या चकचकीत, आणि त्या एका पिनेपायी तो माणूस नवीन मोटरचे पैसे भरायला निघाला होता. काँटॅक्ट क्लीनर मारून मऊ ब्रशने साफ करा, वाळू द्या, डायइलेक्ट्रिक ग्रीस (करंट न वाहणारं, पाणी अडवणारं) लावून परत बसवा. रबराचं सील फाटलं असेल तर ते बदला, नाहीतर पुढच्या पावसात परत तेच. पॉलिश पेपरने घासू नका, पिनेचा वरचा मुलामा जातो आणि मग ती अजून लवकर सडते.

त्याच बैठकीत अर्थ, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी वायर तपासा. बॅटरी परत जोडून मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं मोटरच्या अर्थ वायरला, आणि मदतनिसाला नॉब फिरवायला सांगा. मोटर फिरताना मीटरवर ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थ खराब, चासिसवरचा बोल्ट सोडून गंज खरवडा. बॅटरी एक रात्र उभी राहिल्यावर १२.६ च्या आसपास हवी आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. बॅटरी म्हातारी झाली की स्टार्टर कसाबसा फिरतो पण हे छोटे कॉम्प्युटर आधी रुसतात.

आवाज येतोय, कपलर साफ, अर्थ ठीक आणि तरी लुकलुकतंय, तर पुढच्या अॅक्सलकडे या. काही गाड्यांत तिकडचा अॅक्च्युएटर व्हॅक्यूमवर (हवा शोषून होणाऱ्या ओढीवर) चालतो. डिझेल इंजिनाला स्वतःचा व्हॅक्यूम जवळपास नसतोच, त्यासाठी वेगळा पंप असतो आणि ब्रेकचा बूस्टरही त्याच्यावरच. म्हणून ब्रेक पेडल दगडासारखं लागत असेल तर पंप बघा, ब्रेक मस्त असून फक्त फोर बाय फोर रुसलं असेल तर बारीक रबरी नळी चिरलीय किंवा सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप) अडकलाय. नळी चिरलीय म्हणतोय पण निम्म्या वेळा ती उंदराने कुरतडलेली असते, आपल्याकडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदीर नाही असं कोणी छातीठोक सांगावं.

स्कॅनर लावायचा तर एक लक्षात ठेवा, बाजारात मिळणारं स्वस्तातलं ब्लूटूथ यंत्र बहुधा फक्त इंजिनाचेच कोड वाचतं. फोर बाय फोरचा कॉम्प्युटर वेगळा असतो आणि तो वाचायला कंपनीचा किंवा चांगला मल्टिब्रँड स्कॅनर लागतो. "स्कॅन केलं, काही नाही निघालं" असं कोणी म्हणालं तर कुठला मॉड्यूल (म्हणजे कॉम्प्युटर) वाचला ते विचारा, तिथेच अर्ध्या लोकांची बोबडी वळते.

आणि एवढं करून मोटरच गेली असेल तरी पूर्ण सेट कशाला? बऱ्याच गाड्यांत मोटर ट्रान्सफर केसच्या बाहेर तीन-चार बोल्टवर असते, ती एकटी निघते. आत कार्बनचे ब्रश झिजलेले किंवा ग्रीस वाळून दगड झालेलं असेल तर चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन उघडून देतो. फक्त काढताना शाफ्ट कुठल्या पोझिशनला होता त्यावर खूण करा, नाहीतर परत लावल्यावर टू एच (फक्त मागच्या चाकांना ताकद) मागितलं की भलतंच लागेल.

प्रश्न : माझी रोपांची नर्सरी आहे, घोडबंदर रोडला. गेल्या महिन्यात मागचे दोन टायर नवीन टाकले. आता फोर एचमधून टू एचला यायला गाडी तयारच नाही, दिवा तसाच राहतो, वळताना गाडी अडखळते आणि टायर चिरकतात. इलेक्ट्रॉनिक फॉल्ट आहे का?

उत्तर : ताई, नाही. तुमचा कॉम्प्युटर बिचारा बरोबर आहे. पार्ट टाइम, म्हणजे गरजेपुरतं लावायच्या फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र जखडलेला असतो, मध्ये डिफरन्शियल (दोन्हीकडे वेगळा वेग चालवून घेणारी गिअरची जुळणी) नसतो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, चिखलात ती घसरून तो फरक भरून काढतात, पण कोरड्या काँक्रीटवर घसरायला जागाच नाही. मग सगळा पीळ गिअरमध्ये साठतो आणि फोर्क त्या पिळात अडकतो. वर तुम्ही मागे नवीन, पुढे जुने घासलेले टायर ठेवलेत, घेर वेगळे झाले म्हणजे सरळ चालतानाही पीळ वाढतच राहतो.

आत्ता एवढं करा, नॉब टू एचला फिरवून ठेवा आणि स्टिअरिंग सरळ धरून गाडी रिव्हर्समध्ये दहा-पंधरा फूट हळू घ्या. 'टण्' आवाज येऊन सुटेल. घाबरू नका, तो पीळ निघाल्याचा आवाज आहे. नाहीच सुटली तर नर्सरीच्या मातीत नेऊन तेच करा. मग चारी टायर एकाच साइजचे, जमेल तेवढे सारख्या झिजेचे करा. आणि सर्व्हिस रोडला फोर एच लावून फिरायचं कारणच काय, पाऊस असला तरी डांबर ते डांबरच.

प्रश्न : गाडी खारघरमध्येच फिरते, फोर बाय फोर कधीच लागत नाही. न वापरता ठेवलं तर चालेल?

उत्तर : नाही चालणार, मोटरचं ग्रीस आणि फोर्क दोन्ही आळसावतात. महिन्यातून एकदा मातीच्या किंवा खडीच्या मैदानात दोन-तीन किलोमीटर फोर एच लावा, नंतर थांबून, न्यूट्रलला घेऊन एकदा फोर एल. फोर एलमध्ये ताकद साधारण अडीचपट होते तेव्हा क्लच हळू सोडा. आणि सर्व्हिसिंगला गाडीच्या पोटाखाली डिझेल फवारतात ते करू देऊ नका, रबराची सीलं फुगू शकतात. साध्या पाण्याने धुवा, पण जेटचा फवारा कपलरवर सरळ नको.